एफ आठ, दहा फूट आणि काकू

रविवारी आम्ही फोटो काढायला जातो आणि येताना किस्से घेऊन येतो! कार्डातले फोटो संध्याकाळपर्यंत डिलीट होत होत बोटावर मोजण्याइतके उरतात. किस्से मात्र डिलीट होत नाहीत, उलट सांगता सांगता वाढतात. बायको म्हणते, "तुमी कॅमेरा कायले नेता? नुसते गप्पा मारून या ना!" तिचंही बरोबर आहे म्हणा. पण कॅमेरा गळ्यात नसला तर किस्से होतच नाहीत, त्याला काय करणार?

माझं वाशीमला बसस्टँडजवळ दुकान आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. दिवसभर "हनुवटी वर, डोळे उघडे" म्हणून म्हणून जीव कंटाळतो. म्हणून रविवारी न सांगता फोटो काढायचे, रस्त्यावरचे, बाजारातले. आम्ही चौघं आहोत. एक मी. दुसरा मेडशीचा गजाभाऊ, लग्नाचे फोटो काढतो. तिसऱ्या जयाताई, दवाखान्यात नर्स आहेत आणि फक्त मोबाईलवर काढतात. चौथे वानखडे सर. सरांनी किन्हीराजा गावच्या शाळेत जन्मभर गणित आणि विज्ञान शिकवलं, रिटायर झाल्यावर वाशीमला आले आणि सेकंडहँड कॅमेरा घेतला. ग्रुपचं नाव 'शार्प वाशीम'. नाव ठेवलं तेव्हा आमच्यापैकी एकाचाही फोटो शार्प येत नव्हता!

*

स्ट्रीट फोटोग्राफीचा पहिला नियम म्हणजे समोरच्याला कळू द्यायचं नाही. गजाला हा नियम तोंडपाठ आहे, पण त्याचं तोंडच त्याच्या ताब्यात नाही.

एकदा मेडशीच्या स्टँडवर एसटी येऊन थांबली. खिडकीत एक आजोबा, तोंडावर तिरपं ऊन, हातावर तंबाखू. बस्स, फोटो तयारच! सरांनी हळूच सांगितलं, "गजा, शटर पाचशे ठेव. बसचं इंजिन चालू हाय, खिडकी थरथरून राह्यली." गजानं पाचशे ठेवलं. श्वास रोखला. कॅमेरा डोळ्याला लावला. आणि पुढच्या क्षणी अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडला, "इकडं पाहा जी! मान थोडी तिरपी! थोडं हसा!"

अहो, सगळ्या खिडक्यांतली माणसं वळली. सगळ्यांनी मान तिरपी केली, तीही एकाच बाजूला. आजोबांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, टोपी परत घातली आणि तंबाखूचा हात मागे लपवला. ड्रायव्हरनं आरशात पाहून मिशा बसवून घेतल्या. फोटो एवढा शार्प आला की शेवटच्या खिडकीतल्या बाईच्या कानातलं मोजता आलं असतं. पण तो स्ट्रीट फोटो कुठला, ती तर नवरीकडची मंडळी वाटत होती!

बस सुटताना कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "भाऊ, अल्बम कधी भेटन?"

*

सरांना मात्र प्रश्न पडायचे. सरांना प्रश्न पडला की तो सोडवल्याशिवाय ते चहासुद्धा पीत नाहीत. प्रश्न असा, की बाजारात माणूस समोरून जातो, आपण फोकस करेपर्यंत तो निघून जातो. मग काय करायचं?

एक दिवस आले आणि म्हणाले, "फोकस करायचाच नाई! आधीच करून ठेवायचा. एफ आठ ठेवा, म्हंजे लेन्सचं भोक बारीक, आन् फोकस दहा फुटांवर बांधा. मंग सहा-सात फुटांपासून वीसेक फुटांपर्यंत जे येईन ते शार्प. फक्त दहा फूट म्हंजे किती, हे डोळ्याले समजलं पायजे."

आणि खिशातून सुतळी काढली. बरोबर दहा फुटांची, टोकाला गाठ मारलेली! पुढच्या बाजाराला गजानं एक टोक धरलं, सरांनी दुसरं. सर भाजीच्या ओळीपासून मागे मागे सरकायचे, सुतळी ताणायचे, खाली पाहायचे, कॅमेऱ्यात पाहायचे, मान हलवायचे. मी बाजूला उभा राहून नुसतं बघत होतो.

पहिल्यांदा केळीवाल्यानं गाडी मागे ओढली. मग बांगड्यावालीनं ताडपत्रीची दोरी सोडली. मग कुणीतरी ओरडलं, "अबे उचला! अतिक्रमनवाले आले, मापं घेऊन राह्यले! फोटो बी काढून राह्यले!" झालं! बघता बघता चपलांची, प्लास्टिकच्या बादल्यांची, लसणाची, सगळी दुकानं उचलली गेली. सर हात वर करून सांगतायत, "अरे बावा, आमी फोटोवाले हावो!" तर एक म्हातारी म्हणाली, "हो, मागच्या खेपेले बी असंच म्हनत होते."

त्या दिवशी सरांचा पहिला शार्प फोटो आला. रिकामा रस्ता, इथपासून तिथपर्यंत शार्प, आणि मधोमध एक कोबी.

*

त्यानंतर सुतळी बाजारात न्यायची नाही असा ठराव झाला. सर घरी सराव करायला लागले. ओट्याच्या पायरीपासून तुळशीपर्यंत बरोबर दहा फूट भरतात. मग काय, रोज सकाळी काकूंना तुळशीजवळ उभं करायचं आणि पायरीवरून फोटो काढायचा!

काकू म्हणजे सरांच्या सौ. बोलायला तिखट, हाताला गोड. आम्ही गेलो की चिवड्याशिवाय सोडत नाहीत. घरात हसल्या तर शेजारचे विचारतात काय झालं म्हणून. पण कॅमेरा समोर आला की काकूंचा दगड होतो! पदर नीट करतात, हात खाली सरळ सोडतात, ओठ घट्ट मिटतात. तुळशीजवळचे शेकडो फोटो असतील, सगळ्यांत त्याच ओठ मिटलेल्या बाई.

मी एकदा विचारलं, "काकू, फोटोत तुम्ही हसत काहून नाही?"

तर काकूंनी सांगितलं, लग्न झाल्यावर जोडीचा फोटो काढायला स्टुडिओत गेले होते. काकूंचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे. स्टुडिओवाला काळ्या कपड्यातून डोकं बाहेर काढून म्हणाला होता, "बाई, तोंड मिटा. दात खराब दिसून राह्यला." काकूंनी जे तोंड मिटलं ते मिटलं. एवढ्या वर्षांत कुठल्याच फोटोत उघडलं नाही. नातवाच्या बारशाच्या फोटोतही नाही.

काकू चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा सर आम्हाला म्हणाले, "मले तिचा एक फोटो काढायचा हाय. हसताना. दातासकट. शार्प." मग जरा थांबून म्हणाले, "लवकर काढायचा हाय."

लवकर का, ते चहा आला तेव्हा कळलं. काकूंनी आमचे कप काठोकाठ भरले होते, सरांचा अर्धाच. सरांनी कप उचलला आणि तो अर्धा चहासुद्धा बशीत हिंदकळला. उजवा हात थरथरत होता. जयाताई नर्स, त्यांना ते आधीच दिसलं होतं. परतताना त्या म्हणाल्या, "डॉक्टरनं सांगतलं हाय, जिवाले धोका नाई. पन हात असाच राहीन, वाढीन. कॅमेरा किती दिवस धरता येईन कोनास ठाऊक."

*

सरांनी मात्र हाताचंसुद्धा गणित करून टाकलं!

त्यांचे फोटो धूसर का येतात यावर आमच्यात आधी बरेच वाद झाले होते. गजा म्हणायचा लेन्सला बुरशी लागली. मी म्हणायचो फोकस चुकतो. सर म्हणाले, "भांडू नका, प्रयोग करून पाहू." आणि भर दुपारी माझ्या दुकानात आले. स्टूल घेतलं, छताच्या पंख्याखाली बसले. माझा पंखा तसा निवांतच फिरतो.

शटर साठवर ठेवून फोटो काढला. पंखा म्हणजे नुसती पांढरी थाळी! अडीचशेवर थाळीत पाती दिसायला लागली. एक हजारावर उजेड कमी पडला, म्हणून आयएसओ भरमसाठ चढवावा लागला, फोटो रव्यासारखा दाणेदार आला, पण पंखा जवळपास थांबला! तीन पाती, वेगळी वेगळी.

"पाह्यलं?" सर खूश. "पुस्तकात लिहेल हाय की एवढ्या लेन्सले साठचा शटर बी पुरते. पुस्तक लिहिनाऱ्यानं माहा हात कुठी पाह्यला! माह्या हाताले एक हजारच पायजे. उन्हात तं आयएसओ बी चढवा लागत नाई."

तेवढ्यात काकू सरांचा डबा घेऊन आल्या. त्यांनी एकदा वर फिरत्या पंख्याकडे पाहिलं, एकदा स्क्रीनवर पाहिलं. "माय वं! फिरता पंखा याच्यात थांबते?"

"थांबते," सर म्हणाले. "सेकंदाचा हजारवा हिस्सा."

"हालनारं काही बी थांबते?"

"काही बी."

काकू "अच्छा" म्हणाल्या आणि डबा ठेवून निघून गेल्या.

सगळ्यात जास्त नुकसान माझं झालं. फोटोत पंखा थांबला तशी पात्यावरची धूळ आणि जाळीही दिसायला लागली! सरांनी तो फोटो ग्रुपवर टाकला, ग्रुपवरून माझ्या बायकोकडे कसा गेला देव जाणे. संध्याकाळी मी स्टुलावर चढून फडकं मारत होतो.

*

मधल्या काळात गजानं नवा कॅमेरा घेतला. चेहरा ओळखणारा! माणूस कुठेही जाऊ द्या, कॅमेरा स्वतः डोळा शोधून त्यावर चौकोन लावतो. गजा आमच्याकडे तुच्छतेनं बघायला लागला. "तुमच्या सुतळीचा जमाना गेला सर. आता याले सारं समजते."

किन्हीराजाच्या फाट्यावर एक वडेवाला कढईत वडे सोडत होता. वाफ, ऊन, काय सांगू! गजानं कॅमेरा रोखला. चौकोन आला, 'पीक' असा आवाज आला, फोटो झाला. स्क्रीनवर पाहिलं तर वडेवाला धूसर! पुन्हा काढला, पुन्हा धूसर. कॅमेरा तर ओरडून सांगतोय की फोकस लागला.

सरांनी चष्मा वर करून फोटो मोठा केला. वडेवाल्याच्या मागे वाढदिवसाचा फ्लेक्स लावलेला होता. मधोमध कुण्या पुढारी भाऊंचा भला मोठा चेहरा, खाली शुभेच्छुकांचे छोटे छोटे वीसेक चेहरे. भाऊंच्या डोळ्यातली चमकसुद्धा शार्प! गजानं कॅमेरा डावीकडे नेला, चौकोन भाऊंवर. उजवीकडे नेला, चौकोन भाऊंवर. वडेवाल्याला म्हणाला जरा पुढे सरका, तो सरकला, तर चौकोन भाऊंवरून उठून एका शुभेच्छुकावर जाऊन बसला!

गजा कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, "अबे, मी कॅमेरा घेतला का कार्यकर्ता?"

*

जयाताईंचं दुःख वेगळंच. त्या कॅमेरा लपवत नाहीत, त्यांना स्वतःलाच लपवावं लागतं. आसपासच्या सगळ्या गावांतली पोरं त्यांना सुईवाली मावशी म्हणून ओळखतात.

गल्लीत पोरं गोट्या खेळत असतात. जयाताई कोपऱ्यावर येतात. एक पोरगं मान वर करतं, आणि दुसऱ्या क्षणाला गल्ली साफ! त्यांच्या मोबाईलमध्ये नुसत्या पळणाऱ्या पाठी आहेत. सर म्हणाले, "जया, तुले एक हजारानं नाई भागनार. दोन हजार ठेव."

ठेवलं. एक पोरगं पळताना घसरलं, चड्डी धरून वळलं आणि त्याच क्षणी सापडलं. दोन्ही पाय हवेत, तोंड आ वासलेलं, गालावर आलेला थेंबसुद्धा शार्प! ग्रुपमधला आजवरचा सर्वात भारी ॲक्शन फोटो. त्या पोराच्या आईनं प्रिंट मागितली आणि घरात लावली. आता पोरगं जेवत नसलं की ती फोटोकडे बोट दाखवते, "बोलावू काय तिले?"

*

आता सरांचं. एक हजार, एफ आठ, दहा फूट. सेटिंग पक्कं झालं होतं. हात थरथरला तरी फोटो शार्प यायला लागले होते. उरल्या होत्या फक्त काकू. त्यांना कळू न देता त्यांचा फोटो काढायचा.

आम्ही कट केला. काकू बाजारात वांगी घ्यायला येतात, आणि भाव करताना हमखास हसतात. भाव कमी झाला तर जिंकल्या म्हणून हसतात, नाही झाला तर चिडून हसतात. सरांना रसवंतीच्या मागे उभं केलं. मी पुढे पाळतीवर. गजाला मुद्दाम लांब पाठवलं, त्याच्या तोंडाचा भरवसा नाही म्हणून.

काकू आल्या. वांगी उलटीपालटी केली. "बाप्पा, एवढाले भाव! सोनं पेरलं काय?" असं म्हणून हसायला लागल्याच होत्या. तेवढ्यात वांगीवाली बाई त्यांच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "बाई, मास्तर फोटो काढून राह्यले तुमचा! सरळ उभ्या राहा, पदर घ्या बरं नीट!"

मग काय विचारता! लसूणवाल्यानं मध्ये येणारा लसणाचा भरलेला हारा उचलून बाजूला केला. मिरचीवाला म्हणाला, "काकू, जरा इकडं, तिकडं सावली पडून राह्यली." सगळ्या बाजारानं मिळून काकूंना उन्हात, मोकळ्या जागेत उभं केलं. काकूंनी पदर घेतला, हात सोडले, ओठ मिटले.

सरांना एवढ्या लोकांचा हिरमोड करवला नाही. त्यांनी फोटो काढला. सुरेख शार्प! वांग्याच्या देठावरचा काटासुद्धा दिसत होता. सरांनी स्क्रीनवर काकूंचे मिटलेले ओठ मोठे करून पाहिले.

"सर, शार्प आहे की!" मी म्हणालो.

"हाय ना," सर म्हणाले. "पन हे ते नाई."

मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी कॅमेरा पिशवीत ठेवताना त्यांना चेन लावता येईना. आम्ही तिघं तिसरीकडे बघत राहिलो आणि त्यांनी हळूहळू लावली.

*

आता हा शेवटचा सांगतो.

थंडीतली गोष्ट. अनसिंगचा बाजार. काकूंना हुरड्याची ज्वारी पाहायची होती, म्हणून त्याही आमच्या गाडीत आल्या. वाटेतच सर म्हणाले, "आज शेवटचा बाजार. गोळ्या वाढवल्या डॉक्टरनं, फरक नाई. हा कॅमेरा कोनाले तरी देऊन टाकतो. ज्याचा हात चालते त्याच्याजवळ असलेला बरा." काकू खिडकीतून तुरीची वावरं बघत बसल्या होत्या.

बाजारात उतरलो. सरांनी सवयीनं सेटिंग लावलं. काकूंनी त्यांच्यापुढे हात केला. "द्या इकडं थो."

"काय?"

"थो कॅमेरा द्या. मी काढतो तुमचा."

सर हसायलाच लागले. "अवं, तुले काय येते? दहा फूट लागते त्याले..."

"मले नोका शिकवू दहा फूट!" काकूंनी पट्टा गळ्यात अडकवला आणि मागे सरकायला लागल्या. सुतळी नाही, काही नाही. एका जागी येऊन थांबल्या. खरं सांगतो, मी नंतर पावलं टाकून पाहिलं, दहाच फूट! रोज सकाळी तुळशीजवळ उभी राहणारी बाई ती, अंतर तिच्या अंगातच मुरलं होतं.

आता सर शांत उभे राहतील की नाही? नाही! शिक्षक ना! "कॅमेरा आडवा धर! कोपर अंगाले लाव! तसं नाई, हे पाह्य असं..." म्हणून हात वर करून, बोटं पसरून दाखवायला लागले. काकूंनी बटण दाबलं.

गजानं त्यांना फोटो कसा बघायचा, कसा मोठा करायचा ते दाखवलं. मी बाजूलाच होतो. सर छान आले होते, तोंड उघडं, भुवया वर, अगदी वर्गातले. पण काकू तोंडापाशी थांबल्याच नाहीत. मोठा करत करत हातावर गेल्या. स्क्रीनभर नुसता हात. पाच बोटं, अंगठी, नखं, मनगटावरची शीर.

काकू त्या हाताकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "थांबला!"

आणि हसल्या. अशा हसल्या, अशा हसल्या की शेजारचा पेरूवाला वजन करायचा थांबला. ओठांचं नाही, पदराचं नाही, कसलंच भान नाही. तो एकावर एक चढलेला दात उन्हात चमकत होता.

मी गजाकडे पाहिलं. त्याचा कॅमेरा त्याच्या गळ्यात, आणि त्याचं तोंड उघडलं होतं! मला पुढचं सगळं दिसलं. आता हा "इकडं पाहा" म्हणणार, काकू ओठ मिटणार, संपलं! शिवाय काकूंच्या बरोब्बर मागे वाढदिवसाचा फ्लेक्स! मी डोळे मिटून घेतले.

आवाज आला नाही. डोळे उघडले तर गजा तोंड मिटून, दात आवळून, कॅमेऱ्याची बटणं फिरवत होता. चेहरा ओळखायचं बंद केलं. एक हजार. एफ आठ. फोकस दहा फुटांवर. मग पट्टा गळ्यातून काढला आणि कॅमेरा सरांच्या हातात दिला. एक शब्द बोलला नाही. गजा मध्ये बोलला नाही असा त्याच्या आयुष्यातला तो पहिला फोटो असेल!

सर अजून तिथंच उभे होते, काकूंपासून दहा फुटांवर. त्यांनी कॅमेरा उचलला. तो हातात चांगलाच थरथरत होता. मला दिसत होतं, जयाताईंनाही दिसत होतं. त्यांनी एकच फोटो काढला.

त्या फोटोची मोठी प्रिंट माझ्या दुकानात काउंटरच्या वर लावली आहे. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक थांबतं. "कोन हो ह्या काकू? हातातल्या कॅमेऱ्यात कायले पाहून एवढ्या हासून राह्यल्या?" कुणी म्हणतं नातवाचा फोटो असेल, कुणी म्हणतं काहीतरी गंमत असेल. आम्ही सांगत नाही.

परवा एक माणूस आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायला आला होता, आणि नेमक्या काकू दुकानात बसल्या होत्या. त्यानं फोटो पाहिला, काकूंना पाहिलं, आणि थेट त्यांनाच विचारलं, "काकू, काय पाहून राह्यल्या होत्या वं तुमी त्याच्यात?"

काकूंनी पदर नीट केला. ओठ मिटून घेतले. मग म्हणाल्या, "काही नाई बाप्पा. पंखा."

तो माणूस मान वर करून माझ्या छताकडे बघायला लागला. पंखा आपला निवांत फिरत होता.